एका किरणाची कुळकथा

एखादा शोध अमुक सालीं अमुक गृहस्थानें लावला असें आपण मोठ्या निश्चितपणें लिहितों, शिकवितों आणि मुलांकडून पाठ करून घेतों. अमेरिकेचा शोध १४९२ सालीं कोलंबसानें लावला, हें वाक्य याच मासल्याचें. परंतु कोलंबस तर आपण आशियाखंडाच्या किनाऱ्यास लागलों असें समजत होता. मग त्यानें शोध लावला तो कशाचा? जें दिसलें त्याचा, कीं जें कळलें त्याचा? दिसणें आणि कळणें या दोन क्रियांमध्यें कधीं निमिषाचें अंतर असतें, तर कधीं उभ्या आयुष्याचें. इतिहासकारानें एक तारीख व एक नांव देऊन हें अंतर बुजवून टाकलें म्हणजे वाचकाची सोय होते खरी. परंतु ज्ञान कसें वाढतें हें समजण्याचा मार्गहि त्याबरोबरच बुजतो. तें अंतर न बुजवितां त्याचाच वृत्तांत सांगावा, या हेतूनें पुढील कथा निवडली आहे. तिचा नायक कोणी मनुष्य नसून आकाशांतील प्रकाशाची एक सरळ रेघ आहे.

उन्हाळ्यांत रात्रीच्या वेळीं कन्या रास माथ्याजवळ येते. तिच्या सीमेवर, नुसत्या डोळ्यांना रिकाम्या भासणाऱ्या भागांत, हजाराहून अधिक दीर्घिकांचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या अफाट वसाहतींचा, एक मेळा आहे. त्याच्या मध्यभागाजवळची एक गोल, धुरकट दीर्घिका शार्ल मेसिए या फ्रेंच ज्योतिष्यानें १७८१ सालच्या मार्च महिन्यांत पाहिली. मेसिएला नाद होता धूमकेतूंचा. धूमकेतूसारख्या दिसणाऱ्या, परंतु जागच्या न हलणाऱ्या वस्तूंमुळें फसगत होऊं नये म्हणून त्यानें अशा वस्तूंची एक यादी केली. तिच्यांत हिचा क्रमांक ८७ वा. म्हणून ज्योतिषी तिला आजहि मेसिए ८७ म्हणतात. ज्यांच्याकडे पुन्हा पाहण्याचें कारण नाहीं अशा वस्तूंच्या यादींत ती प्रथम नोंदली गेली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

यानंतर एकशें सदतीस वर्षांनीं आपला नायक रंगभूमीवर येतो. कॅलिफोर्नियांत हॅमिल्टन पर्वतावर लिक वेधशाळा आहे. तेथील छत्तीस इंच व्यासाचा आरसा असलेल्या क्रॉसली दुर्बिणीनें हेबर कर्टिस हा ज्योतिषी वर्षानुवर्षें तेजोमेघांचीं छायाचित्रें घेत होता. त्याचें पूर्वचरित्र मोठें मौजेचें आहे. त्याचें शिक्षण झालें ग्रीक व लॅटिन या अभिजात भाषांचें. एका लहानशा कॉलेजांत तो लॅटिन शिकवीत असे, आणि तेथेंच दुर्बिणीची गोडी लागून तो ज्योतिषाकडे वळला. जुन्या ग्रंथांवर पोसलेल्या माणसाच्या अंगीं एक शिस्त बाणलेली असते: पोथींतलें अक्षर लागलें नाहीं तर तें आहे तसें उतरून घ्यावयाचें, पदरचें कांहीं घालावयाचें नाहीं. कर्टिसनें आकाशाची पोथी अशीच उतरून घेतली. त्यानें केलेलीं ७६२ तेजोमेघांचीं व तारकागुच्छांचीं वर्णनें १९१८ सालीं प्रसिद्ध झालीं. एकेका वस्तूच्या वांट्याला जेमतेम दोन-चार ओळी आल्या आहेत. मेसिए ८७ विषयीं त्यानें नमूद केलें तें इतकेंच कीं, या तेजोमेघांत सर्पिल रचना आढळत नाहीं. मात्र एक विलक्षण सरळ किरण त्यांत दिसतो, तो एका बारीक रेषेनें गाभ्याशीं जोडलेला असावा, आणि आंतल्या टोंकाशीं तो अधिक तेजस्वी आहे. हा किरण कशाचा, तो तेथें कां, याविषयीं एक अक्षर नाहीं.

आणि असावें तरी कसें? हे तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या आंत आहेत कीं बाहेर, हेंच त्या वेळीं ठरलें नव्हतें. हीं स्वतंत्र विश्वद्वीपें आहेत असें खुद्द कर्टिसचें मत होतें, आणि १९२० सालीं वॉशिंग्टन येथें हार्लो शॅप्ली याच्याशीं झालेल्या प्रसिद्ध वादांत त्यानें तें हिरीरीनें मांडलें. म्हणजे कर्टिसला तर्क करतां येत नव्हता असें नव्हे. जेथें पुरावा होता तेथें तो लढला, जेथें नव्हता तेथें तो गप्प बसला. पुढें तीस-पस्तीस वर्षें त्याच्या त्या ओळीचें कोणी फारसें कांहीं केलें नाहीं.

कर्टिसच्या नोंदीपूर्वीं दोनच वर्षें, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, या कथेचा दुसरा धागा सुरू झाला होता. पॉट्सडॅम वेधशाळेचा संचालक कार्ल श्वार्त्सशिल्ट हा पहिलें महायुद्ध सुरू होतांच, वयाची चाळिशी उलटलेली असतांनाहि, आपण होऊन जर्मन सैन्यांत दाखल झाला. १९१५ च्या अखेरीस तो आघाडीवर असतांना आइन्स्टाइनचीं गुरुत्वाकर्षणाचीं नवीं समीकरणें त्याच्या हातीं पडलीं. त्यांचें अचूक उत्तर खुद्द आइन्स्टाइनलाहि काढतां आलें नव्हतें. अदमासी उत्तरावर त्यानें काम भागविलें होतें. श्वार्त्सशिल्टनें तोफांच्या आवाजांत तें उत्तर काढून पत्रानें कळविलें, आणि १९१६ च्या जानेवारींत आइन्स्टाइननें तें बर्लिनच्या विद्वत्सभेपुढें ठेविलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत, युद्धभूमीवर जडलेल्या एका दुर्धर त्वचारोगानें श्वार्त्सशिल्टचा अंत झाला.

त्याच्या उत्तरांत एक अडचणीची जागा होती. एखादें वस्तुमान पुरेशा लहान गोलांत दाबून बसविलें, तर त्या गोलाच्या पृष्ठभागीं गणित जणुं कोसळतें. त्या मर्यादेच्या आंतून प्रकाशदेखील बाहेर पडूं शकत नाहीं, असा या कोसळण्याचा अर्थ आज आपण करतों. सूर्याच्या बाबतींत ही मर्यादा त्रिज्येनें सुमारें तीन किलोमीटर येते. आणि सूर्याची प्रत्यक्ष त्रिज्या आहे सुमारें सात लक्ष किलोमीटर! तेव्हां ही केवळ गणितांतली एक गंमत आहे, सृष्टींत असें कांहीं असणें शक्य नाहीं, असें भल्या भल्यांनीं ठरवून टाकलें.

थोरांच्या अशा ठरविण्याचा प्रभाव किती असतो, हें आपल्याच देशांतील एका तरुणाच्या अनुभवावरून कळतें. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हा १९३० सालीं वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं बोटीनें विलायतेस निघाला. प्रवासांत गणित करतां करतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, विझत चाललेल्या ताऱ्याचें वस्तुमान एका मर्यादेपलीकडे असेल तर त्याचें आकुंचन नेहमींच्या ठिकाणीं थांबूं शकणार नाहीं. ही मर्यादा आज सूर्याच्या सुमारें १.४ पट धरतात. ११ जानेवारी १९३५ रोजीं लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढें त्यानें आपलें म्हणणें मांडलें. लगेच एडिंग्टन उभा राहिला, आणि ताऱ्यानें असला वेडेपणा करूं नये यासाठीं निसर्गाचा कांहींतरी नियम असलाच पाहिजे अशा अर्थाचें बोलून त्यानें सारी सभा आपल्या बाजूस वळविली. एडिंग्टन म्हणजे त्या काळीं ज्योतिषांतला अग्रपूजेचा मानकरी. त्याच्यापुढें चोवीस वर्षांच्या परदेशी मुलाचें कोण ऐकणार? चंद्रशेखरनें कांहीं वर्षांत दुसऱ्या विषयाकडे आपलें लक्ष वळविलें. नोबेल पारितोषिक त्याला मिळालें तें १९८३ सालीं.

पुढें १९३९ सालीं स्वतः आइन्स्टाइननें, असे पदार्थ प्रत्यक्षांत असूं शकत नाहींत असें दाखविणारा एक निबंध लिहिला. त्याच वर्षीं ओपनहायमर व त्याचा शिष्य स्नायडर यांनीं नेमकें उलट दाखविलें: पुरेसा जड तारा स्वतःच्याच भारानें कोसळत जाईल व अखेर जगाशीं त्याचा संबंध तुटेल. तो निबंध ज्या अंकांत आला त्याच्यावर तारीख आहे १ सप्टेंबर १९३९. त्याच दिवशीं हिटलरचें सैन्य पोलंडांत शिरलें, आणि जगाला, ओपनहायमरलाहि, दुसरेच उद्योग लागले.

म्हणजे १९३९ पर्यंत दोन्ही गोष्टी कागदावर उतरल्या होत्या. एका कागदावर प्रकाशालाहि न सोडणारें विवर होतें. दुसऱ्यावर एका दीर्घिकेच्या गाभ्यांतून निघालेला प्रकाशाचा किरण होता. या दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल हें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें, आणि नसावें हें स्वाभाविकच होतें. जें सर्व कांहीं गिळतें त्याच्यातून उजेड निघतो असें कोण म्हणेल?

दोन्ही धागे जुळून आले ते तिसऱ्याच मार्गानें, आणि त्या मार्गाचा आरंभ टेलिफोनच्या खरखरींत आहे. अमेरिकेंतील बेल कंपनीला अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी टेलिफोननें बोलतांना येणाऱ्या खरखरीचा त्रास होई. तिचें मूळ शोधण्याचें काम कार्ल जान्स्की या तरुण नोकराकडे आलें. त्यानें न्यू जर्सींत एक फिरती आकाशतार उभारून आवाजांची वर्गवारी केली: कांहीं खरखर जवळच्या वादळांची, कांहीं दूरच्या वादळांची, आणि कांहीं सौम्य व अखंड, कशाची तें कळेना. ही तिसरी खरखर जेथून येई ती जागा रोज सुमारें चार मिनिटें आधीं उगवे. आपल्याकडे पंचांग पाहणाऱ्यास हें कोडें पडणार नाहीं. सूर्याच्या मानानें रोज चार मिनिटें आधीं उगवतात तीं नक्षत्रें. १९३३ सालीं जान्स्कीनें जाहीर केलें कीं, हा आवाज आकाशगंगेच्या मध्यभागाकडून येतो. कंपनीचें काम तेवढ्यानें भागलें, आणि त्याला दुसरें काम देण्यांत आलें. इलिनॉय प्रांतांतल्या ग्रोट रीबर नांवाच्या एका हौशी इंजिनिअरानें मात्र १९३७ सालीं आपल्या घराच्या परसांत एकतीस फुटी वाडग्याची दुर्बीण बांधली, व रात्रीं जागून आकाशाचा पहिला रेडिओ-नकाशा काढला. कित्येक वर्षें रेडिओ-ज्योतिष म्हणून जें कांहीं जगांत होतें तें या एका माणसाच्या परसांत होतें.

दुसऱ्या महायुद्धानें रडार जाणणारीं माणसें तयार केलीं, आणि युद्ध संपल्यावर त्यांतल्या कित्येकांनीं आपलीं यंत्रें आकाशाकडे वळविलीं. सिडनीजवळ डोव्हर हाइट्स येथें समुद्राकांठच्या उंच कड्यावर बोल्टन, स्टॅन्ले व स्ली या तिघांनीं एक साधी परंतु कल्पक योजना केली. उगवत्या रेडिओ-ताऱ्याची एक लहर थेट येई, दुसरी समुद्राच्या पाण्यावरून परावर्तित होऊन येई. या दोहोंच्या मिलाफावरून ताऱ्याची जागा बरीचशी नेमकी काढतां येई. १९४९ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, कन्या राशींतील रेडिओ-लहरींचा प्रखर उगम मेसिए ८७ च्या जागीं पडतो. मात्र एवढ्या लांबून इतकी शक्ति येऊं शकेल यावर त्यांचाच विश्वास बसेना, आणि ही वस्तु कदाचित् आपल्याच आकाशगंगेंतली असेल अशी पुस्ती त्यांनीं जोडली. दिसणें व कळणें यांतील अंतराचा याहून बोलका दाखला कोणता?

पुढील पाऊल टाकणाऱ्यांत एक बंगाली गृहस्थ होते. इंग्लंडांत जॉड्रेल बँक येथें जेनिसन व मृणालकुमार दासगुप्त यांनीं १९५३ सालीं दाखविलें कीं, हंस राशींतील प्रखर रेडिओ-उगम एक नसून दोन आहेत, आणि दीर्घिका आहे ती त्या दोहोंच्या मध्यें. म्हणजे लहरी दीर्घिकेंतून न येतां तिच्या दोन्ही बाजूंस दूर असलेल्या दोन अदृश्य ढगांतून येत होत्या. मधल्या दीर्घिकेनें हे ढग दोन्ही हातांनीं बाहेर फेकले असावेत, अशी कल्पना यांतून बळावत गेली. परंतु फेकणारा हात दिसत नव्हता.

तो दिसत होता मेसिए ८७ मध्यें. बाडे व मिंकोव्स्की यांनीं १९५४ सालीं पालोमार पर्वतावरील मोठ्या दुर्बिणीच्या साहाय्यानें या दीर्घिकेचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि कर्टिसच्या किरणाला ‘झोत’ हें नांव रूढ झालें. नांव बदललें कीं प्रश्नहि बदलतो. किरण नुसता असतो. झोत म्हटला म्हणजे तो कोठून तरी व कशाच्या तरी जोरानें सुटलेला असावा लागतो. या झोताचा प्रकाश निळसर होता, आणि ताऱ्यांच्या किंवा तापलेल्या वायूच्या वर्णपटांत ज्या रेषा दिसतात त्या त्यांत नव्हत्या. रशियन ज्योतिषी श्क्लोव्स्की यानें सुचविलें कीं, हा प्रकाश उष्णतेचा नव्हेच. चुंबकीय क्षेत्रांत जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें गरगर फिरणारे इलेक्ट्रॉन असा प्रकाश देतात. तसें असेल तर तो एका विशिष्ट दिशेनें ध्रुवित असला पाहिजे. १९५६ सालीं बाडेनें पाहिलें, आणि तो तसा होता.

यानंतर हिशेबाची पाळी आली. जेफ्री बर्बिज यानें अशा ढगांत कमींत कमी किती ऊर्जा साठलेली असली पाहिजे याचें गणित मांडलें. मोठ्या ढगांच्या बाबतींत उत्तर असें आलें कीं, कित्येक लक्ष सूर्य अंशमात्र न उरतां संपूर्णपणें ऊर्जारूप झाले तरच ती भरून निघेल. परंतु सूर्याच्या पोटांत जी भट्टी चालते ती जळणाच्या हजारांत सात भागांचीच ऊर्जा करते. त्या भट्टीनें हा खर्च भागवावयाचा तर कोट्यवधि सूर्य एका दीर्घिकेच्या गाभ्यांत जाळावे लागतील. निसर्गाच्या जमाखर्चांत खर्च दिसत होता, जमेची बाजू कोरी होती.

१९६३ हें साल या कथेंत मोक्याचें. कन्या राशींतच ३सी २७३ या नांवाचा एक रेडिओ-उगम आहे. त्याच्या जागीं एक तारा व त्याला लागून एक अस्पष्ट झोत दिसे. पालोमारच्या मार्टेन श्मिट यानें त्या ताऱ्याचा न उलगडणारा वर्णपट पाहतां पाहतां त्यांतील रेषा ओळखल्या: त्या नेहमींच्या हायड्रोजनच्याच होत्या, मात्र सुमारें सोळा टक्के तांबड्या बाजूस सरकलेल्या. म्हणजे हा तारा नव्हेच. दोन अब्जांहून अधिक प्रकाशवर्षें दूर असलेली आणि संपूर्ण दीर्घिकेहून कित्येक पटींनीं तेजस्वी अशी ती वस्तु होती. अशा वस्तूंना पुढें क्वेसार म्हणूं लागले. त्याच वर्षीं जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरु फ्रेड हॉइल यांनीं फाउलरसह सुचविलें होतें कीं, जमेच्या कोऱ्या बाजूस गुरुत्वाकर्षण लिहून पाहावें. या सर्वांचा विचार करण्यासाठीं डिसेंबरांत डल्लस येथें एक परिषद भरली. आणि दोन्ही धागे प्रथमच एका दिवाणखान्यांत आले. ज्योतिषी आपल्या क्वेसारांविषयीं बोलले. रॉय केर नांवाचा न्यूझीलंडचा एक तरुण गणिती उभा राहिला, आणि स्वतःभोंवतीं फिरणाऱ्या विवराचें अचूक उत्तर आपण काढलें आहे असें त्यानें थोडक्यांत सांगितलें. ज्योतिष्यांपैकीं कोणीं त्याच्याकडे लक्ष दिलें नाहीं. कोणी पेंगत होते, कोणी उठून बाहेर गेले. जें उत्तर शोधावयास ते जमले होते तें त्यांच्यासमोर सांगितलें जात होतें, पण तें उत्तर आहे हें कोणाला कळलें नाहीं.

मात्र आतां फार वेळ लागला नाहीं. १९६४ सालीं अमेरिकेंत साल्पीटर व रशियांत झेल्दोविच यांनीं, एकमेकांस नकळत, एकच गोष्ट ओळखली. विवराच्या आंतून कांहीं येत नाहीं हें खरें. परंतु आंत पडण्यापूर्वीं पदार्थ काय करतो याचा विचार कोणी केला नव्हता. न्हाणीच्या मोरींत पाणी एकदम न पडतां भोंवरा करून पडतें, तसा वायु विवराभोंवतीं चकतीसारखा फिरत राहतो. थरावर थर घांसतो, तापतो व प्रखर प्रकाशतो. या पडण्यांत पदार्थाच्या हजारांत साठ भागांपासून, विवर अतिशय वेगानें फिरत असल्यास चारशेंवीस भागांपर्यंत ऊर्जा बाहेर पडूं शकते. सूर्याच्या भट्टीचे सात भाग याच्यापुढें कोणीकडच्या कोणीकडे! १९६९ सालीं लिंडन-बेल यानें म्हटलें कीं, कित्येक दीर्घिकांच्या पोटांत असें एकेक विवर, पूर्वींच्या क्वेसारचें अवशेष म्हणून, बसलेलें असावें. ‘कृष्णविवर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द जॉन व्हीलरनें १९६७ पासून प्रचारांत आणला होता. गिळणाऱ्याच्या दारीं उजेड कां, या प्रश्नाचें उत्तर असें मिळालें.

तरी झोताचा उलगडा झाला नव्हता. चकती चहूंकडे प्रकाशेल. पण दोनच दिशांना, हजारों प्रकाशवर्षें सरळ जाणारा झोत कां सुटावा? रॉजर पेनरोज यानें १९६९ सालीं दाखविलें कीं, फिरणाऱ्या विवराच्या फिरण्यांत साठलेली ऊर्जा काढून घेतां येते. १९७७ सालीं केंब्रिजच्या ब्लँडफर्ड व झ्नायेक या दोघांनीं तिचा मार्ग सांगितला. फिरतें विवर आपल्या भोंवतालच्या अवकाशालाच आपल्याबरोबर फिरवितें. आंत पडणाऱ्या वायूनें आपल्याबरोबर चुंबकीय रेषा आणलेल्या असतात. ताक घुसळतांना रवीला दोरी गुंडाळली जाते, तशा त्या रेषा विवराच्या आंसाभोंवतीं पीळ खात जातात. मात्र येथें दोरी रवीला फिरवीत नसून रवीच दोरीला ओढीत असते. त्या पिळाच्या वाटेनें विवराच्या फिरण्याची ऊर्जा आंसाच्या दोन्ही टोंकांकडून बाहेर वाहते, आणि विवर किंचित् मंदावतें. म्हणजे झोत हा विवराच्या आंतून सुटलेला पदार्थ नव्हे. फिरण्याच्या रूपानें त्यानें जें साठविलें, त्याचें तें देणें आहे.

या झोतांच्या गतीनें मध्यंतरीं मोठीच खळबळ उडविली होती. १९७१ च्या सुमारास परस्परांपासून दूर असलेल्या रेडिओ-दुर्बिणी एकत्र वापरून क्वेसारांच्या गाभ्यांचें निरीक्षण करतां आलें, तेव्हां त्यांतल्या गांठी प्रकाशाहून कित्येक पट वेगानें सरकतांना दिसल्या. आइन्स्टाइनचा मूळ सिद्धांतच खोटा पडतो कीं काय? परंतु मार्टिन रीस यानें असें दिसेल हें १९६६ सालींच सांगून ठेविलें होतें, आणि त्याचें गणित शाळेंतल्या मुलालाहि समजण्यासारखें आहे. समजा, एक गांठ जवळजवळ आपल्याच रोखानें येत आहे, आणि दहा वर्षांत ती आपल्याकडे नऊ प्रकाशवर्षें व बाजूला चार प्रकाशवर्षें सरकली. तिचा एकूण मार्ग सुमारें ९.८५ प्रकाशवर्षें झाला. म्हणजे ती प्रकाशाहून किंचित् हळूच चालली. पण शेवटीं निघालेल्या प्रकाशाला आपल्यापर्यंत यावयास नऊ वर्षांचा रस्ता कमी पडला. म्हणून आरंभीचा प्रकाश पोंचल्यावर एकाच वर्षानें तो येऊन पोंचला. आपल्याला दिसलें काय? एका वर्षांत चार प्रकाशवर्षें! डोळ्यांनीं खोटें पाहिलें नाहीं. पाहिलेल्याचा अर्थ लावण्यांत मात्र घाई झाली. मेसिए ८७ च्या झोतांतहि हबल दुर्बिणीनें असाच, प्रकाशाच्या सुमारें सहापटीपर्यंतचा, भासमान वेग १९९९ सालीं दाखविला.

आतां राहिलें प्रत्यक्ष प्रमाण. १९७८ सालीं सार्जंट, यंग व त्यांचे सहकारी यांनीं मेसिए ८७ च्या गाभ्यांतील ताऱ्यांचें तेज व त्यांच्या गति मोजून, तेथें सुमारें पांच अब्ज सूर्यांइतकें अदृश्य वस्तुमान असावें असा अंदाज केला. अनेकांना तो पटला नाहीं. १९९४ सालीं हबल दुर्बिणीनें गाभ्याजवळ फिरणारी वायूची चकती पाहिली. तिची एक बाजू आपल्याकडे येत होती, दुसरी दूर जात होती. त्या वेगावरून मधल्या वस्तुमानाचा आकडा दोन ते तीन अब्ज सूर्यांचा निघाला. आकड्यांत फरक होता, पण तें वस्तुमान आहे याविषयीं शंका उरली नाहीं.

शेवटीं १० एप्रिल २०१९ रोजीं या विवराचें चित्र जगापुढें आलें. हवाई बेटांपासून दक्षिण ध्रुवापर्यंत पसरलेल्या आठ रेडिओ-दुर्बिणींचीं निरीक्षणें जुळवून, जणुं पृथ्वीएवढी एक दुर्बीण बनविण्यांत आली होती. निरीक्षणें घेतलीं २०१७ च्या एप्रिलांत, आणि त्यांचें चित्र होण्यास दोन वर्षें लागलीं. त्यांत एक नारिंगी कडें व त्याच्या मध्यें काळोख दिसतो. त्यावरून विवराचें वस्तुमान साडेसहा अब्ज सूर्यांइतकें ठरलें. दीर्घिका आपल्यापासून साडेपांच कोटि प्रकाशवर्षें दूर. म्हणजे तो प्रकाश निघाला तेव्हां पृथ्वीवर मनुष्यजात नव्हती. २०२१ सालीं त्याच कड्याच्या प्रकाशाचें ध्रुवीकरण मोजून तेथें प्रबळ व सुसंघटित चुंबकीय क्षेत्र असल्याचें दाखविण्यांत आलें. ब्लँडफर्ड व झ्नायेक यांच्या दोरीचा हा ठावठिकाणा म्हणावयास हरकत नाहीं. आणि २०२३ सालीं, जरा लांब लहरींवर घेतलेल्या चित्रांत, कडें व त्याच्यापासून निघणारा झोत दोन्ही एकत्र दिसलीं. किरण बारीक रेषेनें गाभ्याशीं जोडलेला असावा, असें कर्टिसनें कांचेवर पाहून लिहिलें होतें. तें जोडलेलें टोंक पाहावयास एकशें पांच वर्षें लागलीं.

या कथेचा एक शेंडा आपल्या दारापर्यंतहि आलेला आहे. जुन्नरच्या परिसरांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या दृष्टींतून उभी राहिलेली प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे. तिच्यांत प्रत्येकीं पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. २०२४ सालीं ज्योतिष्यांनीं दोन कोटि तीस लक्ष प्रकाशवर्षें लांबीची एक झोतांची जोडी प्रसिद्ध केली. आपल्या आकाशगंगेसारख्या सुमारें एकशें चाळीस दीर्घिका ओळीनें मांडाव्या एवढी ती लांब. ती कोणत्या दीर्घिकेंतून निघाली हें हुडकण्यांत खोडदच्या निरीक्षणांचा उपयोग झाला. दुसऱ्या दीर्घिकासमूहांच्या अभ्यासावरून असेंहि दिसून आलें आहे कीं, हे झोत भोंवतालचा वायु तापवून त्याला थंड होऊं देत नाहींत, आणि वायु थंड झाल्यावांचून नवे तारे जन्मत नाहींत. तेव्हां कोणत्या दीर्घिकेंत किती तारे व्हावेत हें ठरविण्यांतहि या विवरांचा वांटा आहे. त्या सूक्ष्म बिंदूची सत्ता एवढी दूरवर चालते.

असो. आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. कृष्णविवराच्या झोताचा शोध कोणीं व केव्हां लावला? १९१८ सालीं कर्टिसनें, म्हणावें तर त्याला विवराची वार्ता नव्हती. १९१६ सालीं श्वार्त्सशिल्टनें, म्हणावें तर झोत त्याच्या गांवींहि नव्हता. बोल्टनला शक्ति आढळली पण पटली नाहीं. बर्बिजला खर्च कळला पण जमा सांपडली नाहीं. केरला जमा सांपडली पण ऐकणारे पेंगत होते. खरें सांगावयाचें तर हा शोध एकानें लावलाच नाहीं. तो शंभर वर्षांत, अनेक देशांत, एकमेकांस न ओळखणाऱ्या माणसांच्या हातून लागत गेला. कर्टिस १९४२ सालीं वारला व जान्स्की १९५० सालीं, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं. आपण कोणत्या इमारतीचा दगड बसविला हें दोघांनाहि कळलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, मग कर्टिसचें कर्तृत्व तें काय? त्याला दिसलें, त्यानें लिहिलें. हें कोणीहि केलें असतें. मला हें मान्य नाहीं. ज्याचा अर्थ लागत नाहीं तें लिहून ठेवणें कोणीहि करीत नाहीं. मनुष्यस्वभाव असा कीं, न समजलेली गोष्ट तो एक तर वगळतो, नाहीं तर आपल्या आवडत्या सिद्धांतांत बसवून सजवितो. एडिंग्टनसारखा महापंडितहि, गणित सांगतें तें आपल्याला शोभत नाहीं म्हणून तें नाकारून बसला. कर्टिसनें दोन्ही मोह टाळले. त्याच्या ओळींत आज शंभर वर्षांनंतरहि खोडावा असा एक शब्द नाहीं. आणि तो काळ असा होता कीं त्याच वर्षांत लिहिलेलीं तेजोमेघांविषयींचीं शेंकडों पानें पुढें रद्दींत गेलीं.

आपल्याकडे मुलांस परीक्षेंत उत्तर आलें पाहिजे असें आपण शिकवितों. न येणारी गोष्ट स्वच्छपणें नोंदून ठेवावी असें शिकवीत नाहीं. प्रयोगशाळेच्या वहींत अपेक्षित आंकडा आला नाहीं तर विद्यार्थी तो शेजाऱ्याच्या वहींतून उतरून घेतो, आणि शिक्षकहि त्यावर बरोबरची खूण करतो. त्या पुसलेल्या आंकड्यांत काय होतें हें मग कोणालाच कळत नाहीं. बहुतेक वेळां तेथें निष्काळजीपणाच असेल. पण एखाद्या वहींत, एखाद्या पानावर, समजूत पटण्याची वाट पाहणारी एखादी सरळ रेघहि असूं शकते. ती पुसली न जाण्याची सोय करणें एवढें तरी शिकविणाऱ्यांच्या हातीं आहे.